गावात बसून आठशे वर्षांपूर्वीच्या ज्यू माणसांचं दुःख कसं वाचायचं

आमच्या गावातून तालुक्याला दिवसभरात तीन एसट्या, वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीतलं एक कपाट, आणि त्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो सोयाबीन काढायला गेलेला. अशा ठिकाणी बसून मी चार वर्षं झाली मध्ययुगातल्या ज्यू लोकांचा राग, दुःख, भीती वाचतोय. लोक विचारतात याचं करतो काय, त्याचं उत्तर काही माझ्याकडे नाही, पण कसं करायचं ते सांगू शकतो कारण करता येण्यासारख्या बहुतेक चुका करून झाल्यात. सुरुवात केली तेव्हा इतिहासात एमए होतं, हिब्रू शून्य, अरबी शून्य, इंग्रजी तालुक्याच्या कॉलेजची. एवढ्यावर काम सुरू होतं, घाबरू नका.

थिअरी आधी दोन मिनिटात आटपू, कारण तिथेच अडकून पडलेले लय पाहिले. फ्रान्सच्या ल्युसियें फेव्रने १९४१ मध्येच म्हणून ठेवलं होतं की इतिहासकारांनी भावनांकडेही बघावं. मग १९८५ मध्ये पीटर आणि कॅरल स्टर्न्स यांनी मुद्दा काढला की कसं वाटायला पाहिजे हे समाज सांगतो ते वेगळं आणि माणसाला वाटतं ते वेगळं, दोन्हीची खिचडी करू नका. विल्यम रेडी २००१ मध्ये म्हणाला की ‘मला राग आलाय’ हे बोलून दाखवलं की बोलता बोलता तो राग थोडा बदलतोच, वाढतो नाहीतर उतरतो. आणि बार्बरा रोझेनवाइनने २००६ च्या पुस्तकात भावनिक समुदाय ही कल्पना मांडली, म्हणजे एकाच काळात एकाच गावात भावना दाखवायच्या वेगवेगळ्या रीती असतात, माणूस घरात एक, पारावर दुसरा, बँकेच्या लाइनीत तिसरा. ही चार नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पान उलटा. मूळ मजकूर हातात नसताना थिअरी वाचणं म्हणजे बैल नसताना पोळ्याची झूल शिवत बसणं.

आता एक माणूस पकडा. एकच. मी मोशे बेन मायमोन पकडला, ज्याला युरोपवाले मायमोनिडीस म्हणतात आणि ज्यू लोक नावाच्या आद्याक्षरांवरून रामबाम. (माझा एक मित्र अजूनही रामबाणच म्हणतो.) जन्म ११३८ चा, स्पेनमधल्या कॉर्डोबाचा. तो दहाएक वर्षांचा असताना अल्मोहाद या कट्टर मुस्लिम घराण्याची राजवट आली, ज्यूंना तिथे राहणं कठीण झालं, मग हे कुटुंब फिरत फिरत मोरोक्कोत फेझला, तिथून ११६५ मध्ये अक्को बंदरावर आणि शेवटी इजिप्तमध्ये फुस्तातला, म्हणजे आजच्या काहिराच्या जुन्या भागात. तिथे तो ज्यू समाजाचा पुढारी झाला, सुलतान सलाहुद्दीनच्या दरबारातल्या लोकांचा डॉक्टर झाला, १२०४ मध्ये वारला. हाच का घ्यायचा, तर याने एकाच विषयावर तीन वेगवेगळ्या तोंडांनी लिहिलंय, कायदा सांगणारा म्हणून, डॉक्टर म्हणून आणि भाऊ गमावलेला माणूस म्हणून. आपल्याला तेच पाहिजे.

भाऊ कोण तर धाकटा दाविद. हा व्यापार करायचा आणि मोशे घरी बसून ग्रंथ लिहायचा. दाविदचं एक पत्र सापडलंय, सुमारे ११७० चं, तांबड्या समुद्रावरच्या आयधाब बंदरातून मोठ्या भावाला लिहिलेलं. वाळवंट ओलांडताना कसे हाल झाले ते सांगतो, इथे येऊन बघतो तर घेण्यासारखा माल नाही, फक्त नीळ आहे, म्हणून आता हिंदुस्थानला निघतो म्हणतो. काळजी करू नका असा सूर आहे सगळा. पुढे हा माणूस आपल्याकडच्याच समुद्रात, हिंदी महासागरात, बुडून मेला. मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, पण हे लक्षात घ्या की काटा माझ्या अंगावर आला, बाराव्या शतकातल्या कोणाच्या नाही, आणि आपला काटा पुरावा म्हणून वापरायचा नाही.

आता पद्धत. दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवायचे. पहिला कायद्याचा. रामबामचा ‘मिश्ने तोरा’ हा हिब्रूतला चौदा भागांचा धर्मकायद्याचा ग्रंथ आहे, साधारण ११८० पर्यंत पूर्ण झालेला. त्यात शोकाचे नियम आहेत आणि त्यातला तेरावा अध्याय काढा. तिथे लिहिलंय की मेलेल्यासाठी माणसाने मर्यादेबाहेर दुःख करू नये, ही जगाची रीत आहे आणि जगाच्या रीतीपायी जो स्वतःला त्रास करून घेतो तो मूर्ख. मग हिशोब देतो, रडायला तीन दिवस, गुण आठवून शोक करायला सात, केस न कापणं वगैरेला तीस. लगेच पुढे हेही म्हणतो की सांगितलेला शोक जो पाळत नाही तो निर्दयी. म्हणजे कमीही चालत नाही, जास्तही चालत नाही. तीन-सात-तीसचा हिशोब त्याचा स्वतःचा नाही, तो आधीच्या तालमूदमधला, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथातला आहे, हे शोधून नोंदवायचं कारण अर्धं शिक्षण तिथेच होतं.

दुसरा मजकूर पत्राचा. सुमारे ११८५ मध्ये त्याने अक्कोच्या एका जुन्या मित्राला, येफेत बेन एलियाहूला, पत्र लिहिलं. त्यात सांगतो की आयुष्यातलं सगळ्यात मोठं संकट म्हणजे भाऊ बुडाला ते, त्याच्याजवळ माझे, त्याचे आणि दुसऱ्यांचेही पुष्कळ पैसे होते, मागे लहान मुलगी आणि विधवा बायको माझ्याकडे ठेवून गेला. बातमी आली त्या दिवसापासून जवळजवळ वर्षभर मी अंथरुणाला खिळून होतो, ताप, गळू, मन ठिकाणावर नाही. आता आठेक वर्षं झाली तरी शोक चालूच आहे, समाधान होत नाही. तो माझ्या मांडीवर वाढला, तो भाऊ होता, शिष्य होता, तो बाजारात कमवायचा आणि मी निश्चिंत घरी बसायचो. त्याचं अक्षर दिसलं की काळीज उलटंपालटं होतं.

आता ११८५ मधून आठ वजा करा. ११७७ च्या आसपास येता. म्हणजे जास्त दुःख करणारा मूर्ख हे वाक्य ज्या ग्रंथात आहे तो ग्रंथ आणि हे वर्षभराचं अंथरूण, दोन्ही एकाच काळाच्या आगेमागे. मला वाटलं सापडलं! नियम खोटा, पत्र खरं, माणूस वरून कडक आतून मऊ. तीन पानं लिहून काढली रात्रीतून.

ती तीन पानं फाडायला लावली माझ्या आजीने, तिला अक्षरओळख नाही. कापूस वेचायच्या दिवसात संध्याकाळी ती पायाला तेल चोळत बसली होती, मी तिला पत्र आपल्या बोलीत सांगितलं, म्हणलं तिला पण थोडं गहिवरून येईल. तिने ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय, “अन् पैसा कोनाचा होता म्हनतं त्याच्याजोळ?” मी सांगितलं याचा, त्याचा, आणखी लोकांचा. “मंग कर्ज कोनावर बसलं?” मी गप. मग म्हणे, “ज्याले लिवलं थो मयतीले आला होता काय?”

मी परत मोबाइल काढून पत्र सुरुवातीपासून वाचलं. आणि खरंच, पत्राची सुरुवात दुःखाने होतच नाही. येफेतने आधी तक्रार केलेली असते की तुम्ही मला विचारत नाही, पत्र पाठवत नाही. त्याला हा उलट तक्रार करतो, की अरे आम्ही तुझ्याकडून निघालो आणि काही महिन्यात माझे वडील वारले, लांब लांब देशातून सांत्वनाची पत्रं आली, तुझं मात्र आलं नाही. त्यानंतर भावाची गोष्ट येते. म्हणजे हे दुःख एका रुसव्याच्या आत बसलेलं आहे. आपल्याकडे दसव्याला कोण आलं नाही हे वीस वर्षांनीही पोरीच्या सोयरिकीच्या वेळी निघतं, तसंच काहीतरी. आजीला ते पहिल्या झटक्यात कळलं कारण ती दुःख कधी सुटं बघतच नाही, ते कर्ज, सोयरे, वावर, कोण आलं कोण नाही, या सगळ्याला बांधलेलंच असतं तिच्यासाठी.

तर पत्र हातात आलं की हे तीन प्रश्न कार्डावर लिहून समोर ठेवा. कोणाला लिहिलंय आणि त्याच्याशी काय बिनसलंय. पैसा आणि माणसं कोणाच्या गळ्यात पडली. आणि तिसरा आजीचा नाही, माझा, शब्द कुठून घेतलेत. हा तिसरा फार महत्त्वाचा आहे. रामबाम पत्राच्या त्या भागाच्या शेवटी म्हणतो की मी शोक करत करतच पाताळात माझ्या मुलाकडे उतरेन. मुलाकडे? भाऊ होता ना? हे वाक्य त्याचं नाही, बायबलमधलं आहे, उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायात योसेफ मेला असं समजून त्याचा बाप याकोब हे म्हणतो. समाधान न होणं हेही तिथलंच. काळीज उलटंपालटं होणं बायबलमधल्याच विलापगीतातलं. म्हणजे ज्या ओळी वाचून आपल्याला वाटतं की आता माणूस एकदम मनातलं बोलला, त्याच ओळी उसन्या.

इथे नवीन अभ्यासक दोन टोकांना पळतात. एक म्हणतो उसनं आहे म्हणजे फॉर्मॅलिटी आहे. दुसरा ते उसनं आहे हे बघतच नाही. तालुक्याच्या चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स बघा, सगळ्यांवर तीच दोन वाक्यं, तोच गुलाब, तरी ज्याचा बाप गेला तो त्या फ्लेक्सपुढे उभा राहून रडतोच. वाक्य तयार मिळालं म्हणून रडणं खोटं होत नाही, उलट रामबामने हजार वाक्यांमधून बापाने मुलासाठी म्हटलेलं वाक्य निवडलं, भावाने भावासाठी म्हटलेलं नाही, ही निवड त्याची स्वतःची आहे. ‘माझ्या मांडीवर वाढला’ याच्याशी ती जुळते. पुरावा असा निवडीत सापडतो.

तिसरं तोंड डॉक्टरचं, ते थोडक्यात. ११९८ च्या सुमाराला त्याने सलाहुद्दीनचा मुलगा अल-अफदल याच्यासाठी अरबीत आरोग्याची पुस्तिका लिहिली. त्या काळच्या वैद्यकात, जे ग्रीक वैद्य गॅलेनवरून आलेलं, सहा गोष्टी सांभाळायला सांगत, हवा, खाणंपिणं, झोप-जाग, हालचाल-आराम, शरीरातून बाहेर पडणारं आणि अडकणारं, आणि सहावी मनाच्या हालचाली. म्हणजे दुःख आणि राग झोप-जेवणाच्या पंगतीला बसलेत. तेव्हा पत्रात ताप, गळू आणि मनाची अवस्था एका दमात येते त्याचं नवल वाटून घ्यायचं नाही, त्याच्यासाठी ते एकाच यादीतलं होतं.

आता शब्द. हे काम मला सगळ्यात आवडतं. आपण सरसकट ‘भावना’ म्हणतो, तो शब्द बाजूला ठेवा, आणि त्यांच्याकडे कोणता शब्द होता ते बघा. रामबामचा तत्त्वज्ञानाचा मोठा ग्रंथ, गोंधळलेल्यांसाठीचा मार्गदर्शक, साधारण ११९० ला पुरा झाला, त्यात तो ‘इन्फिआल’ हा अरबी शब्द वापरतो. अर्थ असा की बाहेरून काहीतरी आपल्यावर घडणं, आपल्यावर परिणाम होणं. मराठी माणसाला हे समजायला पाच मिनिटं पण लागत नाहीत कारण आपण बोलतोच तसं. मला राग आला. मला रडू आलं. भीती वाटली. दया आली. राग कुठूनतरी चालत येतो आणि मी फक्त ओसरीवर बसलेला असतो. हे लक्षात आलं की पुढची भानगड एकदम उलगडते, की बायबलात देवाला राग आला असं शंभर ठिकाणी असताना रामबाम ते शब्दशः घ्यायला का तयार नाही. देवाला राग आला म्हणजे देवावर कशाचातरी परिणाम झाला, आणि ज्याच्यावर परिणाम होतो तो देव कसला. मग तो पहिल्या भागाच्या ५४ व्या प्रकरणात म्हणतो की अशी वाक्यं देवाच्या कृतींबद्दल आहेत. माणूस रागाच्या भरात जे करेल तसं काही जगात घडलेलं दिसतं, म्हणून आपण राग म्हणतो, आत राग नाही. आमच्याकडे फेब्रुवारीत गारपीट होऊन गहू झोपतो, संत्र्याचा आंब्या बहार झडतो, लोक म्हणतात देव कोपला. रामबामला विचारलं असतं तर तो म्हणाला असता गारा खऱ्या, नुकसान खरं, कोप ही तुमची भाषा.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. हसदाय क्रेस्कास नावाचा स्पेनचा विचारवंत, त्याने १४१० मध्ये ‘ओर अदोनाय’ ग्रंथ पुरा केला, तो रामबामशी यावर भांडतो आणि देवाला प्रेम आहे, आनंद आहे असं ठामपणे मांडतो. याच क्रेस्कासचा एकुलता मुलगा १३९१ मध्ये बार्सिलोनाच्या दंगलीत मारला गेला, त्याबद्दल त्याने स्वतः पत्रात लिहिलंय. मोह होतो ना जोडायचा? मुलगा गेला म्हणून देवाला प्रेमळ केला? मला पण झाला. जोडू नका. वीस वर्षांचं अंतर आहे मध्ये आणि ग्रंथातला युक्तिवाद स्वतःच्या पायावर उभा आहे. दोन्ही गोष्टी दोन कार्डांवर ठेवा आणि कार्डं जवळजवळ ठेवा, बास.

शब्दांमधलीच आणखी एक मजा. हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाक, आणि ‘अफ’ म्हणजेच राग. आपल्याकडे काही लोकांच्या नाकावरच राग असतो, तसंच. सारागोसाच्या श्लोमो इब्न गबिरोलने १०४५ मध्ये स्वभाव सुधारण्यावर छोटा ग्रंथ लिहिला, त्यात वीस गुणदोष घेतले आणि पाच इंद्रियांना चार चार वाटून दिले. राग कुठे टाकला? घ्राणेंद्रियाला, नाकाला. मत्सर पण नाकालाच. गर्व डोळ्यांना, प्रेम आणि द्वेष कानांना, आनंद आणि चिंता जिभेला, उदारपणा आणि कंजूषपणा स्पर्शाला, म्हणजे हाताला. तुम्ही म्हणाल काहीतरीच वाटणी आहे, पण वहीत तक्ता काढून बघा, प्रत्येक ठिकाणी त्याने बायबलचं एखादं वचन शोधून आणलंय. त्या माणसाच्या डोक्यात राग शरीराच्या कोणत्या कोपऱ्यात राहत होता हे असं कळतं. आणि दया, ‘रहमीम’, हा शब्द ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय याच्या घरातला. आपलं आतडं तुटतं, त्यांचं त्याच्या शेजारीच काहीतरी होतं.

फक्त एक, साम्य सापडलं की तिथे थांबून खात्री करा. नाक-राग हे दोन्ही भाषांमध्ये असणं गमतीचं आहे, त्यावरून काही सिद्ध होत नाही. मी एकदा बाह्या इब्न पाकुदाचं ‘हृदयाची कर्तव्यं’ वाचलं, अकराव्या शतकाच्या शेवटाकडचं, स्पेनमधलं. हातापायांनी करायची कर्तव्यं सगळे पाळतात पण हृदयाची विसरलेत असं म्हणतो तो, दहा दरवाजे आहेत पुस्तकाला, शेवटचा देवावरच्या प्रेमाचा. मी लगेच बारा पानं खरडली, बाह्या आणि वारकरी. गाइडने पहिल्या पानावर एकच ओळ लिहून परत पाठवलं, की बाह्याच्या हातात कोणती पुस्तकं होती ते आधी सांगा. बघितलं तर सूफी लोकांचं लिखाण. ज्याने पंढरपूरचं नाव ऐकलं नाही त्याच्या गळ्यात मी तुळशीमाळ घातली होती. तसंच शरीरात चार रस मानणारं त्यांचं वैद्यक म्हणजे आपलं वात-पित्त-कफ नाही, चार आणि तीन हा साधा हिशोब आहे. आणि कोकणातले बेने इस्राएल, आपले शनवार तेली, मराठी बोलणारे ज्यू, त्यांच्याबद्दल आपुलकी वाटणं साहजिक आहे, १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडण या त्यांच्या सणाची पोथी मराठी भाषांतरासकट छापली त्यांनी, पण तो वेगळा काळ वेगळा विषय, बाराव्या शतकाच्या इजिप्तमध्ये त्यांना ओढू नका.

भाषा आणि लिपीचं काय करायचं. हिब्रूची बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे, रोज अर्धा तास दिला तर पंधरा दिवसात ओळखता येतात, स्वर खुणांनी लिहितात आणि बऱ्याचदा लिहीतच नाहीत, ते सवयीने जमतं. रामबाम, बाह्या, गबिरोल यांनी पुष्कळसं लिखाण अरबीत पण हिब्रू अक्षरात केलं, यहुदी-अरबी म्हणतात त्याला. हे ऐकून घाबरतात लोक. अरे, आपल्या घरात आजोबांच्या जमिनीचे कागद मोडीत आहेत ना, भाषा मराठी आणि अक्षर वेगळं. आमच्या रिद्धपूरकडच्या महानुभावांनी तर सकळ लिपी करून पोथ्या लिहिल्या, त्यांना गुप्त ठेवायचं होतं, ज्यूंना तसं काही नव्हतं, त्यांच्या पोरांना शाळेत तीच अक्षरं पहिली शिकवत, एवढंच. अरबीसाठी विदर्भात अडचण नाही, जवळच्या गावात उर्दू शाळा असतेच. मी एका रिटायर्ड सरांकडे जातो, तीन अक्षरांच्या मुळापासून शब्द कसे निघतात ते त्यांनी चहाच्या कपाभोवती शेंगदाणे मांडून शिकवलं, मधले तीन दाणे तेच, आजूबाजूचे बदलायचे. फी म्हणून घरची तूर पोचवतो.

मजकूर फुकट मिळतो. सेफारिया या साइटवर मिश्ने तोरा हिब्रू आणि इंग्रजीत समोरासमोर आहे, मोबाइलवर नीट चालते. मार्गदर्शकाचं फ्रीडलेंडरचं १९०४ चं इंग्रजी भाषांतर आणि गबिरोलच्या पुस्तिकेचं १९०२ चं, ही दोन्ही इंटरनेट आर्काइव्हच्या साइटवर पडलीत, रात्री रेंज बरी असते तेव्हा उतरवून ठेवा. फ्रीडलेंडर जुना आहे, शब्दांच्या बाबतीत पिनेसचं १९६३ चं भाषांतर जास्त भरवशाचं, ते विद्यापीठाच्या लायब्ररीत बसून बघायचं. दोन भाषांतरं एका ओळीवर वेगळी बोलली की समजायचं इथे मूळ शब्द बघायला पाहिजे, मला निम्मे मुद्दे तिथेच सापडले. पत्रांसाठी गॉयटाइन. या माणसाने काहिराच्या गेनिझाच्या कागदांवर अख्खं आयुष्य घातलं. गेनिझा म्हणजे देवाचं नाव असू शकेल असा कागद फेकायचा नाही म्हणून फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, एका खोलीत टाकत गेले, शेकडो वर्षं, त्यात वाण्याची यादी, नवरा-बायकोची भांडणं, सगळं. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेक्टरने ढीगच्या ढीग केंब्रिजला नेला, तिथे आज एक लाख नव्वद हजारांवर तुकडे आहेत. (आपण जुन्या पोथ्या नदीत सोडतो. जाऊ द्या.) गॉयटाइनच्या गेनिझावरच्या मोठ्या ग्रंथाच्या पाच खंडांतला पाचवा खंड व्यक्तीबद्दल आहे, आपल्या कामाचा तो, आणि १९७३ चं व्यापाऱ्यांच्या पत्रांचं पुस्तक, ज्यात दाविदचं आयधाबचं पत्र आणि मोठ्या भावाचं हे पत्र दोन्ही आहेत. प्रिन्स्टनच्या गेनिझा प्रोजेक्टची साइट उघडून नुसतं एखादं बंदराचं नाव टाकून बघा, रात्र जाते.

सगळं रामबामवर संपवू नका, नाहीतर वाटेल ज्यू विचार म्हणजे मोजूनमापून बोलणारे अरबी वळणाचे डॉक्टर. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी वेगळाच समुदाय होता. वर्म्स गावचा एलिआझार हा तिथला मोठा पंडित, ११९६ मध्ये हत्यारं घेऊन आलेल्यांनी त्याची बायको दोल्चे आणि दोन मुली, बेलेत तेरा वर्षांची आणि हाना सहा वर्षांची, मारल्या. त्याने लिहिलेला शोक आहे. त्यात मी दुःखी आहे असं सांगण्यापेक्षा ती काय काय काम करायची याचीच यादी जास्त आहे, व्यवहार सांभाळून घर चालवायची, ग्रंथ शिवायला दोरा करायची, दिव्याच्या वाती करायची, मेलेल्यांना आंघोळ घालून त्यांचं कफन शिवायची, बायकांना प्रार्थना शिकवायची. मुलींचंही तसंच, थोरली सूत काढायची, भरतकाम करायची, धाकटी गायची. सांगाडा बायबलातल्या सद्गुणी स्त्रीच्या कवितेचा घेतलाय, म्हणजे परत उसनं.

मला ही यादी सुरुवातीला कोरडी वाटली होती. मग आमच्या शेजारची मावशी गेली, तिच्या जाऊबाईने अंगणात हेल काढला, त्यात मावशीच्या स्वभावाबद्दल एक अक्षर नव्हतं, पऱ्हाटीत सगळ्यांच्या पुढे तास धरणारी, पापडाचं पीठ कुटणारी, बाळंतिणीला शेकणारी, आता कोण करन वं बाई, असंच सगळं. घरी येऊन एलिआझारची यादी पुन्हा काढली, आणि कोणतं काम किती वेळा येतं ते मोजत बसलो. तुम्हीही कामं मोजा. दुःख हा शब्द कितीदा आला ते मोजून हाती फार लागत नाही.

नोंदी कशा ठेवायच्या तर माझी पद्धत देशी आहे. जुन्या लग्नपत्रिकांची मागची कोरी बाजू, कापून कार्डं. वर मूळ शब्द, खाली कोणी, कोणत्या साली, कोणत्या प्रकारच्या लिखाणात, कोणाला उद्देशून, आणि मागे, म्हणजे ‘आमच्या येथे श्री कृपेकरून’ च्या बाजूला, पेन्सिलीने माझा अंदाज. अंदाज पेन्सिलीने आणि मजकूर पेनाने, हे कधीच उलटं करू नका. पावसाळ्यात कार्डं डब्यात, मी एक वर्ष गमावलंय ओलीत.

कुठून सुरू करू असं वाटत असेल तर पहिला आठवडा अक्षरं गिरवा आणि शोकाच्या नियमांचा तो तेरावा अध्याय चार वेळा वाचा. दुसऱ्या आठवड्यात पत्र. तिसऱ्यात मिश्ने तोरातलेच स्वभावाचे नियम काढा, दुसऱ्या अध्यायाचं तिसरं कलम. तिथे रामबाम सगळीकडे मधला रस्ता सांगतो आणि राग आला की म्हणतो इथे मधला रस्ता नाही, रागापासून पार दुसऱ्या टोकाला जा. फक्त घरच्यांना किंवा समाजाला धाक दाखवायचा असेल तर चेहऱ्यावर राग आणा, आत मन शांत ठेवा. आमच्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींची आठवण येईल, ती येऊ द्या, पण कार्डावर मागच्या बाजूला, पेन्सिलीनेच.